माइकवरची नावं

२४ नोव्हेंबर

आज लिंबागणेशच्या लग्नात मी एका मेलेल्या माणसाचं स्वागत केलं.

लिहून टाकलं. दुपारपासून हे वाक्य घशात अडकून बसलं होतं. आता सविस्तर लिहितो.

आमच्याकडे मांडवात पाहुणा आला की माइकवरून त्याचं नाव घ्यावं लागतं. गाव, नाव, जमलंच तर एखादं विशेषण आणि शेवटी 'वधूपित्याच्या वतीने सहर्ष स्वागत'. भाजीत मीठ कमी पडलेलं लोक विसरतात, पण नाव राहिलं तर नातवंडांच्या लग्नापर्यंत धरून ठेवतात. वडवणी भागात हे काम पुष्कळ वर्षं माझ्याकडे आहे. पंचायत समितीत होतो तेव्हा सुरू झालं. पद गेलं, माइक राहिला. मी कधी हातात चिठ्ठी घेतली नाही. माणूस मांडवाच्या तोंडाशी दिसला की नाव जिभेवर हजर. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

आज मांडवाच्या तोंडाशी एक उंच माणूस दिसला. पांढरा पटका, हातात चांदीच्या मुठीची काठी. चेहऱ्याच्या जागी जरा धुरकट होतं, पण तो पटका आणि ती काठी मी शंभरात ओळखली असती. मी दणक्यात म्हणालो, "प्रगतशील शेतकरी, आमचे जुने मित्र त्रिंबकराव यांचं आगमन झालेलं आहे!"

त्रिंबकराव दसऱ्यानंतर वारले. त्यांच्या दहाव्याला मी स्वतः भाषण केलं. आलेला माणूस त्यांचा धाकटा भाऊ आसाराम होता. भावाचा पटका आणि काठी आता तो वापरतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मांडव असा गप्प झाला की मागचा आचारी बोलत होता तेही ऐकू आलं. आसाराम जागच्या जागी थांबला. एकदा मागे वळून पाहिलं आणि अक्षता न टाकता निघून गेला. मी पुढची नावं घेतली, पण आवाज माझा मलाच परका वाटत होता.

२७ नोव्हेंबर

गावभर झालंय. कुणी म्हणतं तात्याला भ्रम झाला, कुणी म्हणतं तात्याने मुद्दाम केलं, जुनं काहीतरी काढलं.

आज जेवताना मुलाने, विजयसिंहने विषय काढला. त्याच्या मुलीचं, म्हणजे माझ्या नातीचं, करिष्माचं लग्न फेब्रुवारीत माजलगावला आहे. म्हणाला, "तात्या, तुमी आता कोचावर बसून आशीर्वाद द्या. माइकला माजलगावचा एक पोरगा बघितलाय. लई भारी बोलतो. शेरोशायरी बी करतो."

शेरोशायरी! पाहुणा उन्हातून आलाय, त्याला नाव ऐकायचंय की शेर?

करिष्मा ताटावरून उठली. "माझ्या लग्नात नावं तात्याच घेणार. नाहीतर मी मांडवात येतच नाही." ही पोरगी फ्रॉकमध्ये असल्यापासून माझ्याबरोबर लग्नांना यायची आणि माइकची वायर धरून उभी राहायची. मी नाव विसरलो तर सांगायला म्हणे. मी कधी विसरलो नाही, तिने वायर कधी सोडली नाही.

हात धुताना बायकोला, छबूला विचारलं, "मी म्हातारा झालोय का?"

"मला कावून इचारता? आरशाला इचारा."

आरशापुढे उभा राहिलो. कान दिसले, सदऱ्याची कॉलर दिसली. मधला चेहरा ओल्या बोटाने पुसल्यासारखा. टॉवेलने आरसा पुसला, तरी तसाच. जुना झालाय आरसा. पारा उडालाय.

३ डिसेंबर

सकाळी रानात गेलो आणि डोकंच फिरलं. ज्वारीचे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, नागमोडी! गुडघ्याएवढी ज्वारी आली आणि माझ्या आत्ता लक्षात आलं. ट्रॅक्टरवाल्या हनुमानला बोलावून धाब्यावर पिऊन आल्यावर पेरणी केली का म्हणून विचारलं. रानात कामाला आलेल्या माणसांसमोर नको ते बोललो. तो बिचारा ज्वारीकडे बघे, माझ्याकडे बघे. शेवटी म्हणाला, "बरं तात्या, पुढच्या साली सरळ पेरतो."

मागून छबू आली. "काय वाकडं हाय त्यात? दोरी धरल्यावानी सरळ हाय की."

मी म्हणालो, डोळे फुटले का तुझे. असं म्हणालो आणि वर पाहिलं तर विजेचा खांबही मधोमध वाकलेला. त्याच्यापुढचाही. घरी आलो तर दाराची चौकट वाकलेली. एवढं सगळं गाव एका रात्रीत वाकणं शक्य नाही.

करिष्मा बीडला फार्मसी शिकते, सुट्टीला आलीय. तिने माझा उजवा डोळा हाताने झाकला आणि विचारलं, माझं तोंड दिसतंय का? मी नाही म्हणालो. मग डावा झाकला. तोंड होतं, पण पाण्याखाली असल्यासारखं. तिने हात काढला. मग म्हणाली, "तात्या, उद्याच बीडला जाऊ."

हनुमानला संध्याकाळी बोलावून चहा पाजला. माफी मागायला जीभ वळेना. तो म्हणाला, "तात्या, तुमी शिव्या दिल्या तवा मला लई बरं वाटलं. म्हणलं, तात्या अजून ठणठणीत हायत." मला हे नीट कळलं नाही, पण चहा संपवूनच गेला.

४ डिसेंबर

बीड. डोळ्यांच्या दवाखान्यात सबंध दिवस गेला. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब, मग एका यंत्राला हनुवटी टेकवून बसा, हलू नका.

डॉक्टरबाई विजयसिंहपेक्षाही लहान. नाव ऐकल्यावर म्हणाल्या, "बाबा, माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात तुम्हीच होता ना माइकवर?" मी सावरून बसलो. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून पुन्हा खचून बसलो.

डोळ्याच्या आत मागे पडदा असतो. त्याच्या मधोमध एक लहानशी जागा, अक्षरं आणि चेहरे तिच्यानेच दिसतात. वयोमानाने ती जागा झिजते. माझ्या डाव्या डोळ्यातली ती जागा कधीच वाळून गेली. उजवा काम करत होता म्हणून मला पत्ता नाही. आता उजव्यात नको तिथे कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत आणि गळतायत. म्हणून सरळ रेघ वाकडी. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, दर महिन्याला एक, आधी तीन, मग बघू.

मी विचारलं, "चेहरे पहिल्यासारखे दिसतील?"

"गळती थांबवता येते. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. जे आहे ते टिकवू." खोटी आशा दिली नाही, हे मला आवडलं. राजकारणात असत्या तर पडल्या असत्या.

डोळ्यात सुई या विचाराने तोंडचं पाणी पळालं होतं. प्रत्यक्षात मुंगी चावल्याएवढंच वाटलं. मन मात्र दिवसभर ठणकत राहिलं.

९ डिसेंबर

एवढं मला कळलं की वयाने प्रतिकारशक्ती कमी झाली आणि डोळा गेला. दवाखान्यात भिंतीवर 'प्रतिकारशक्ती' असं मोठं लिहिलेलं होतं, पुढची बारीक अक्षरं वाचता आली नाहीत. पण कोरोनात दोन वर्षं दुसरं काय ऐकलं? वाढवा, वाढवा. वडवणीच्या बाजारातून प्रतिकारशक्ती वाढवणारी दोन प्रकारची चूर्णं आणली, बांधावरची गुळवेल आणून काढा सुरू केला. छबू नाक मुरडत उकळून देते. कडू जहर आहे. पण करिष्माच्या लग्नात माइक धरायचा तर एवढं सोसावं लागेल.

विजयसिंहने त्या शायर पोराला विसार दिला, असं कानावर आलं. विचारलं नाही.

४ जानेवारी

दुसरं इंजेक्शन. डॉक्टरबाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं की महिनाभर काढा घेतोय, आता शक्ती वाढलीच असेल.

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "बाबा, तुमच्या डोळ्यात शक्ती कमी पडली नाही. ती नको तितकी कामाला लागली आहे."

मग समजावून सांगितलं. मला समजलं तसं लिहितो. पडद्यामागे वर्षानुवर्षं कचरा साठत जातो. शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे आपले राखणदार, ते तो झाडायला धावतात. तरुणपणी झाडलोट करून आपापल्या जागी जातात. म्हातारपणी त्यांना थांबायचं कळत नाही. कचऱ्यावरचा राग चांगल्या पेशींवर काढतात, जागा सुजते, धुमसत राहते आणि त्यातूनच पुढचा बिघाड होतो. हे एकच कारण नाही. रक्तात, घराण्यात असतं काही. आणि विडीने तर त्या धुमसण्याला वाराच मिळतो. ही शक्ती वाढवायचं चूर्ण घेऊन डोळा सुधारत नाही. चूर्णात काय असतं तेही सांगता येत नाही, बंद करा. पालेभाजी खा, विडी सोडा, इंजेक्शन चुकवू नका.

मला एकदम आमची एक सभा आठवली. विरोधक गोंधळ घालणार म्हणून शंभर पोरं बंदोबस्ताला ठेवली. विरोधक आलेच नाहीत. पोरांचे हात शिवशिवत होते, त्यांनी आपल्याच खुर्च्या मोडल्या. हे सांगितलं तर डॉक्टरबाई इतक्या हसल्या की बाहेरची नर्स आत आली. म्हणाल्या, "आता मी सगळ्यांना हेच उदाहरण देणार."

निघताना एक युक्ती सांगितली. मधली जागा गेली तरी कडेची नजर शाबूत आहे. समोरच्याचा चेहरा पाहायचा असेल तर त्याच्याकडे बघू नका, जरा बाजूला बघा, कडेने तो दिसेल.

गाडीत विडीचं बंडल हनुमानच्या हातात दिलं. तो म्हणाला, "मी वढू का मग?" मी म्हणालो, फेकून दे गाढवा.

१० जानेवारी

बाजूला बघायची युक्ती घरात बरी चालते. बाहेर तिच्यापायी भांडणं होतात. किराणा दुकानात दुकानदार बोलत होता आणि मी त्याचा चेहरा दिसावा म्हणून गुळाच्या ढेपेकडे बघत होतो. त्याला वाटलं मी त्याला मोजत नाही. छबूला येऊन म्हणाला, तात्याचा लई ताठा वाढलाय.

विडीविना तोंडाला चव नाही. बडीशेप चघळतोय, शेळीसारखी.

आणखी एक लिहून ठेवतो. त्या राखणदारांची गोष्ट डोक्यातून जात नाही. विजयसिंह माझं वाईट चिंतत नाही. मांडवात माझं पुन्हा हसू होऊ नये म्हणून तो मला जपतो. पण त्या जपण्यात माझ्या हातातलं एकुलतं एक काम काढून घेतोय, हे त्याला दिसत नाही. मला त्याचा राग येत नाही. वाईट मात्र फार वाटतं.

१५ जानेवारी

काल संक्रांत. तिळगुळाचा डबा घेऊन हनुमानबरोबर लिंबागणेशला आसारामच्या घरी गेलो. छबू म्हणाली होती, जाऊ नका, काठी घालील डोक्यात. मीही तयारी ठेवूनच गेलो होतो.

ओसरीवर बसलो. मी म्हणालो, "आसाराम, माझी चूक झाली. मला चेहरे दिसत नाहीत. पटका आणि काठी दिसली. तुझ्या भावाची थट्टा करायचं माझ्या मनातही नव्हतं."

त्याने पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "मोहनराव, भाऊ गेला तवापासून घरात त्याचं नाव कुणी काढत न्हाई. वयनी रडती म्हणून. मला बी सगळे जपत्यात. अन् तुमी मांडवात एवढ्या मोठ्यानं त्याचं नाव घेतलं. म्या मागं वळून बघितलं. खरंच वाटलं, आला."

"मग निघून का गेलास?"

"रडू आलतं. मांडवात कसं रडू?"

त्याने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, मी त्याच्या. लाडू फारच कडक होता, दोघेही बराच वेळ चघळत बसलो, तेच बरं झालं.

निघताना त्याने विचारलं, "तोंड दिसत न्हाई मग वळखता कसं माणसं?"

"आवाजावरून. एक शब्द बोलला माणूस तर मी गावासकट सांगतो. पण मांडवात लोक बोलत येत नाहीत ना."

"खरं हाय," म्हणाला आणि काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिला.

१ फेब्रुवारी

तिसरं इंजेक्शन. यंत्रात बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, गळती थांबली, सूज उतरली. घरी भिंतीवर चौकटींचा कागद लावलाय, रोज एकेका डोळ्याने बघतो. उजव्या डोळ्याला रेघा आता सरळ दिसतात. ज्वारीही सरळ झाली! हनुमानला म्हणालो, सुधारलास. तो म्हणाला, "तुमचा मार खाऊन सुधरलो."

पण मधला डाग आहे तसाच. चेहरा परत आला नाही, आता येणार नाही असं मी धरून चालतो. जाड पेनने लिहितो, करिष्माने आणून दिलेत. माझं अक्षर आता पाटीवरच्यासारखं मोठं आलंय.

संध्याकाळी करिष्माने बापाला बसवून सांगितलं, "शायरला बोलवा, त्याला जेवायला घाला. माइक तात्यांच्या हातात." विजयसिंह म्हणाला, पुन्हा एखादं नाव चुकलं तर? सासरकडची माणसं असतील. ती म्हणाली, "चुकलं तर चुकलं. लग्न माझं हाय." शेवटी शायर शेजारी उभा राहणार, मी चुकलो तर तो सावरणार, असं ठरलं.

मी हो म्हणालो. झोप मात्र लागत नाही. मी चुकलो तर पोरीच्या लग्नाला गालबोट लागेल.

१२ फेब्रुवारी

हल्ली माणसं फार बोलकी झालीत. आज बाजारात वीस पावलांवरून एकजण ओरडला, "राम राम तात्या, म्या चिंचवणचा रामकिसन, हरभरा काढायला घेतला बरं का!" मी म्हणालो, काढ बाबा. त्याच्यामागे दुसरा, "तात्या, आमी आलो बघा पाव्हण्याला घेऊन, आवाज वळखला का?" ओळखला नाही तर काय! ज्याचा आवाज निवडणुकीत कधी फुटला नाही तो पाटीलही आज आपणहून बोलला. दुष्काळ सरला, पिकं बरी आली, माणसाचं मन मोकळं होतं. दुसरं काय.

छबूला हे सांगितलं तर ती कणीक मळत राहिली. म्हणाली, "आसारामभावजी मागं गावात आलते. तुमी दवाखान्यात गेलता." मी विचारलं, कशाला? तर म्हणे, "असंच. गप्पा मारायला."

२४ फेब्रुवारी

काल लग्न झालं. आज अंग मोडून आलंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कार्यालयात मी सकाळीच पोचलो. माझ्याआधी आसाराम येऊन बसला होता, दारातल्या कमानीखाली, खुर्ची टाकून. त्याला काही काम नव्हतं, तरी जेवायलासुद्धा उठला नाही. मुळात गप्पिष्ट माणूस. येईल त्याच्या कानाशी लागत होता.

माइक हातात घेतला. शेजारी शायर पोरगा जाकीट घालून तयार. पहिला पाहुणा कमानीतून आत आला आणि सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाला, "राम राम तात्या, आलो बरं का वडवणीवरनं, रस्ता लई खराब!" तो एवढं बोलेपर्यंत त्याचं नाव, गाव, त्याच्या बापाचं नाव माझ्या जिभेवर होतं. मग दुसरा, ऊन किती आहे म्हणून. तिसरीने छबू कुठंय विचारलं. कुणी हात हातात घेऊन बोललं, कुणी लांबून खाकरून. सासरकडची परकी माणसं तर आपली नावंच सांगून पुढे जात होती, फारच रीतीची माणसं मिळाली. मी एकही नाव चुकलो नाही, एकही राहू दिलं नाही. थोड्या वेळाने शायर पोराने खुर्ची घेतली आणि भजी खात ऐकत बसला. विजयसिंह दोनदा येऊन माझ्या मागे उभा राहिला. काही बोलला नाही, पण खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला कळलं तोच आहे. त्याचा हात लहानपणापासून गरम.

इंजेक्शनांनी डोळ्याचं जे झालं ते झालं, पण कानाचं पाणी अजून कुणी जोखलेलं नाही, असं आज छबूला म्हणालो. ती म्हणाली, "व्हय, व्हय," आणि पदराने तोंड पुसत आत गेली.

आसाराम सगळ्यांत शेवटी खुर्चीवरून उठून माझ्यासमोर आला. तो काही बोलला नाही, नुसती काठी फरशीवर टेकवली. मी म्हणालो, "लिंबागणेशचे आमचे स्नेही, कैलासवासी त्रिंबकराव यांचे धाकटे बंधू आसाराम यांचं सहर्ष स्वागत." या खेपेला त्रिंबकरावांचं नाव मी जाणूनबुजून घेतलं आणि मोठ्याने घेतलं. आसारामने माझा हात धरला तो लवकर सोडलाच नाही.

मग पाठवणी. गाडीपाशी गर्दी, रडारड. माझ्यासमोर कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि काहीच बोलेना. दिवसभर सगळं जग माझ्याशी बोललं होतं आणि हे एक माणूस गप्प. सरळ पाहिलं तर शालूचे काठ दिसले, मुंडावळ्या दिसल्या आणि मधे तो डाग. करिष्माला रडू इतकं दाटलं होतं की तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मी मान फिरवली. दूर, कार्यालयाच्या भिंतीकडे पाहायला लागलो.

रात्री पाहुण्यांत बोलणं चाललं होतं ते ऐकलं. म्हणे तात्याचं काळीज दगडाचं, नात पाया पडायला आली तर पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही, तोंड फिरवून उभे राहिले. मी कुणाला काही समजावायला गेलो नाही.

भिंतीकडे पाहिलं तेव्हा डोळ्याच्या कडेला ती आली. कपाळावरचं कुंकू, रडून लाल झालेलं नाक, फ्रॉकमध्ये वायर धरून उभी असायची तेव्हाची तीच हनुवटी. मला जेवढं दिसायचं उरलंय तेवढ्यात ती पुरी मावली.

आणि तिला ते माहीत होतं. सगळ्या मांडवात तिला एकटीला. तिने माझा हात धरून हळूच विचारलं, "दिसले का, तात्या?"

मी भिंतीकडे बघतच म्हणालो, "दिसलीस."